चाकरमान्याचे मूल आणि मे महिना

मीरा रोड पूर्वेच्या हाटकेश भागात, जेथे उद्योगनगरातील गाळ्यांच्या शेजारीच निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत, तेथील कोकणी कुटुंबे मे महिन्यात मुलांना गावी नेतात. हा रिवाज पूर्वापार चालत आल्याचे मानले जात असले, तरी त्याचे आजचे रूप फार जुने नाही, किंबहुना आरंभी ही ये-जा नेमकी उलटी होती. १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाल्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातून जो चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणारा कोकणी माणूस, गिरणगावात आला, तो बहुधा एकटाच आला. खानावळीत जेवून आणि गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पथारी टाकून तो घरी मनीऑर्डर धाडीत असे. आजी, चुलते, आत्या ही मुलाच्या रोजच्या सहवासातली माणसे होती. नव्याने ओळख करून घ्यावी लागे ती बोटीने येणाऱ्या बापाशी, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरील बोटी बंद होत असल्याने त्याला त्याआधीच परतावे लागे.

पुढे बिऱ्हाडे मुंबईत आली, १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरणगाव खचले, वस्ती उपनगरांकडे सरकली; १९८५ मध्ये नगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरची २००२ मध्ये महानगरपालिका झाली. प्रवासी आता मूल झाले.

गावी त्याला नाती कोणी मुद्दाम शिकवीत नाही. मे हा आगोटीचा, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीचा काळ असल्याने, काकू रातांब्याच्या सालींना रसाची पुटे देऊन आमसुले वाळवीत असते, फणसाची साठे उन्हात पडलेली असतात आणि कावळे हाकलण्याचे काम चुलत भावंडांसह त्याच्याकडे येते. वाटेवरचा म्हातारा ‘तू कोणाचा रे?’ असे विचारतो, तेव्हा शाळेचे नाव सांगून भागत नाही, आजोबांचे सांगावे लागते. या सुट्टीच्या कौतुकात काकूच्या कष्टांची नोंद मात्र क्वचितच आढळते.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी पश्चिम उपनगरांतून वांद्रे-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी मिळायला ऑगस्ट २०२४ उजाडावे लागले. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होत असल्याने, मेच्या आरंभी निघणाऱ्या हाटकेशच्या कुटुंबाला मार्च लागताच तिकिटासाठी धावपळ करावी लागते.