सल्ला आणि खाट

परदेशातल्या आपल्या घरांतून एक प्रश्न नेहमी येतो: काय खावे, काय प्यावे हे शिकवायला सरकारने कराचा पैसा का खर्चावा? ते तर घरी आई शिकवते. आयर्लंडमध्ये याच वादात एका मंत्र्याचे पद गेले, ती हकिकत आज सांगतो.

1948 साली डॉ. नोएल ब्राउन तिथे आरोग्यमंत्री झाले. त्यांचे आईवडील क्षयाने गेले होते, त्यांना स्वतःलाही तो झाला होता. त्या काळी त्या छोट्या देशात क्षयाने वर्षाला तीन हजारांवर माणसे दगावत आणि घरचे लोक लाजेने आजार लपवीत. ब्राउन यांनी लोकजागृती तर केलीच, पण घोड्यांच्या शर्यतींवरच्या सोडतीतून रुग्णालयांसाठी जमलेला पैसा खाटा वाढवायला लावला. स्ट्रेप्टोमायसिन आणि बीसीजी लसही त्याच सुमारास हाती आली. मृत्यू झपाट्याने घटले.

मग त्यांनी माता-बालक योजना आणली: बाळंतपणात आईला आणि सोळा वर्षांपर्यंत मुलांना मोफत उपचार, शिवाय मातांना आरोग्यशिक्षण. कॅथलिक बिशपांनी हरकत घेतली. मुलांचे आरोग्य हा आईबापांचा हक्क, असले शिक्षण सरकारने देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांना आपल्या उत्पन्नाची धास्ती होती. मंत्रिमंडळ मागे सरले आणि एप्रिल 1951 मध्ये ब्राउन यांनी राजीनामा दिला.

बिशपांची भीती अगदीच पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. कोकणात आपल्या वाडवडिलांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून ते शनवार तेली झाले. ते काही सरकारच्या सांगण्यावरून नव्हे.

पण आम्ही नर्सेस वॉर्डात बाळंतिणीला सांगायचो, "दूध पी, अंडी खा." ती हसून विचारायची, "सिस्टर, आणू कुठून?" सल्ला बरोबर होता, आमचे हात रिकामे होते.

त्याच आयर्लंडने 29 मार्च 2004 पासून कामाच्या जागी, अगदी पबमध्येही, धूम्रपान बंद केले. देशभर असे करणारा तो जगातला पहिला देश. तिथे सल्ल्याच्या पाठीशी कायदा उभा राहिला.

म्हणून आमचे मत असे: सरकारने प्रचारावर जरूर खर्च करावा, पण आधी खाट, लस आणि दूध यांची सोय करून. तेवढे केले, तर आईचे शिकवणेही वाया जात नाही.