फावडे, लष्करी घडीचे
पायदळातील सैनिकाने गोळीबारापासून तात्पुरता आडोसा करण्यासाठी जवळ बाळगावयाचे, पाते दुमडता येणारे, आखूड दांड्याचे खोदकामाचे अवजार. यूरोपीय सैन्यांतील अशी जुनी फावडी वस्तुसंग्रहालयांत व खाजगी संग्रहांत आढळतात. त्यांचा देश व काळ ठरविताना घडीची रचना, पात्याचा आकार आणि शिक्के यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

या अवजाराची पूर्वपीठिका न दुमडणाऱ्या फावड्यात आहे. माड्स योहान बूक लिनमान या डॅनिश अधिकाऱ्याने १८६९ मध्ये सैनिकाला अंगावर वागविता येईल असे आखूड फावडे तयार केले. पुढे ते ऑस्ट्रिया, जर्मनी, रशिया इ. देशांत थोड्याफार फरकाने रूढ झाले. रशियन फावड्याची एकूण लांबी सु. ५० सेंमी. असून त्याचा मोजपट्टीसारखाही उपयोग होई. ब्रिटिश सैन्याच्या १९०८ च्या नमुन्यात पाते व टोक असलेले डोके आणि दांडा हे सुटे भाग होते. ते जोडून वापरावयाचे हत्यार असल्याने त्याची गणना घडीच्या फावड्यांत करीत नाहीत.

घडीचे फावडे जर्मन सैन्यात १९३८ मध्ये आले. त्याचे पाते पंचकोनी व टोकदार असून दांडा लाकडी असतो. बिजागरीजवळील आट्यांचा नट आवळून पाते हव्या त्या स्थितीत पक्के करता येते. पाते दांड्याच्या रेषेत ठेवले म्हणजे माती उचलता येते आणि काटकोनात ठेवले म्हणजे आपल्याकडील नेहमीच्या फावड्याप्रमाणे ओढून खणता येते. याच कल्पनेवरून अमेरिकेने १९४३ चा नमुना सिद्ध केला. त्याच्या पात्याच्या बाजू गोलसर उतरत टोकाशी मिळतात. पुढील अमेरिकन नमुन्यात फावड्याला दुमडती कुदळही जोडण्यात आली. युद्धानंतर पश्चिम यूरोपातही या धर्तीची फावडी प्रचारात आली. म्हणून केवळ घडी व लाकडी दांडा यांवरून एखादे फावडे महायुद्धकालीन ठरत नाही. तीन घड्यांचे, त्रिकोणी मुठीचे धातूचे फावडे तर निश्चितपणे युद्धोत्तर काळातील होय.

शिक्क्यांचा पुरावा उपयुक्त असला, तरी तो स्वयंपूर्ण नसतो. युद्धकालीन जर्मन वस्तूंवर तपासणी खात्याचा गरुड व क्रमांक आणि निर्मात्याचे नाव वा सांकेतिक अक्षरे आढळतात. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद बाणाची खूण असते, तर ‘एबीएल’ ही अक्षरे बेल्जियन सैन्याची निदर्शक आहेत. नाटो देशांच्या साहित्यावरील तेरा अंकी क्रमांकातील पाचवा व सहावा अंक देश दर्शवितात. उदा., १२ जर्मनी, १३ बेल्जियम, १७ नेदर्लंड्स. तथापि हे अंक वस्तूची नोंद करणारा देश सांगतात. ती तेथेच तयार झाली असे त्यावरून सिद्ध होत नाही.

महायुद्धकालीन फावड्यास अधिक किंमत येत असल्याने नंतरच्या वस्तूंवर खोटे शिक्के मारले जातात. गंजाने पडलेल्या खळग्यांच्या तळाशीही शिक्क्याची रेषा ताजी व धारदार दिसल्यास तो गंजानंतर मारला असावा, असा संशय घ्यावा. दांडा व चामड्याचे आवरण बदलता येत असल्याने त्यांना दुय्यम महत्त्व द्यावे. तारेच्या ब्रशाने घासल्यास पुसट अक्षरे कायमची नष्ट होतात.

रणभूमीच्या उत्खननात या विवेकाला विशेष महत्त्व आहे. सांगाड्याशेजारी सापडलेले फावडे मृताचे राष्ट्रीयत्व सुचवू शकते, परंतु सैनिक शत्रूची अवजारेही वापरीत. म्हणून ओळखबिल्ला, गुंड्या, पादत्राणे यांसारख्या अन्य वस्तूंचा दुजोरा मिळाल्याविना केवळ फावड्यावरून निर्णय करणे धोक्याचे ठरते. तसे केल्यास एका देशाचा बेपत्ता सैनिक दुसऱ्या देशाच्या दफनभूमीत नोंदला जाण्याचा संभव असतो.