डोलकाठीचे लाकूड

राळेगावच्या वर्गात मराठ्यांच्या आरमाराविषयी बोलताना आम्ही थोडे अडखळतो. समुद्र येथून शेकडो मैल दूर. विद्यार्थ्यांच्या ओळखीचे असते ते यवतमाळच्या रानातले सागवान. मात्र १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले ‘आज्ञापत्र’ उघडले, की हे अंतर मिटते. कारण त्यातील आरमाराची चिंता लाकडापाशीच येऊन ठेपते.

गलबत एकदा बांधले म्हणजे काम संपत नसे. डोलकाठी उन्हाने तडके. शीड तोलून धरणारी तिरकी काठी तिला घासत राही. काथ्याचे दोर ताणून सैल पडत आणि कप्पीत झिजत. काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, पण घर्षणापुढे त्याचाही इलाज चालत नाही. पावसाळ्यात दर्या खवळला, की गलबते खाडीच्या आसऱ्याला येत आणि डागडुजीचा हंगाम सुरू होई. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठची, खडकात कोरलेली आंग्रेकालीन गोदी या कामासाठीच होती.

या सामानाचे मोल शत्रूही जाणत होता. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे जहाज पकडले. इंग्लंडहून मुंबईसाठी निघालेले जहाजी सामान त्यात भरलेले होते. ज्यावर मुंबईच्या जहाजांची दुरुस्ती व्हायची, तेच आंग्र्यांच्या हाती लागले.

‘आज्ञापत्रा’तील झाडांविषयीचा प्रसिद्ध उतारा याच संदर्भात वाचायला हवा. तो पर्यावरणाचा धडा म्हणून, अनेकदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून, सुटा उद्धृत होतो. वास्तविक तो अमात्यांच्या ग्रंथातील आरमाराच्या प्रकरणात येतो आणि त्याचा आरंभ होतो फळ्या, सोट, डोलकाठ्या यांच्या गरजेपासून. सागवानादी लाकूड परवानगीने तोडावे, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे; आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात. जीर्ण झालेले झाडही धन्याला राजी करून, मोबदला देऊनच तोडावे.

संदर्भ तोडला, की या उताऱ्यात केवळ कोमल भावना उरते. संदर्भासह वाचला, तर निकडीच्या वेळी स्वतःचा हात आवरणारे राज्य दिसते. झाडाची गरज नसताना झाडावर माया करणे सोपे असते. येथे डोलकाठी मोडलेली आहे, शत्रू दर्यावर आहे, आणि तरीही रयतेच्या आंब्याला कुऱ्हाड लावायची नाही. आम्हांला वाटते, शिकवायचा तो हा ताण.