दोन तृतीयांशांचा कौल

देवाला कौल लावतांना उजवा कीं डावा एवढाच प्रश्न असतो. पाकळी कोणत्या बाजूस पडली हें दिसलें कीं निर्णय झाला. लोकमताचा कौल इतका सरळ नसतो, आणि तो अगोदर अजमावूं पाहणाराचें काम तर त्याहूनहि अवघड. ६ नोव्हेंबर २०१२ या एकाच दिवशीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानच्या दोन परगण्यांनीं आपापल्या मतदारांपुढें जवळजवळ एकच प्रश्न ठेवला: रस्ते, बसगाड्या व लोहमार्ग यांसाठीं चालू असलेला स्थानिक विक्रीकर मुदत संपल्यावरहि पुढें चालू ठेवावा कीं नाहीं? दक्षिणेकडील लॉस एंजेलिस परगण्यांत शेंकडा ६६.११ मतदारांनीं होकार दिला. उत्तरेस सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडील आलामेडा परगण्यांत शेंकडा ६६.५३ जणांनीं. म्हणजे एका नकारामागें जवळजवळ दोन होकार. तरीहि दोन्हीं ठराव पडले, कारण मंजुरीस दोन तृतीयांश, म्हणजे शेंकडा ६६.६७ मतें लागत होतीं. आलामेडांत तर अवघीं ७२१ मतें कमी पडलीं.

करावर प्रत्यक्ष मत मागावयाचें ही रीति भारतांतील नागरिकास अपरिचित आहे. येथें कर बसवणें किंवा उठवणें हें विधिमंडळांचें काम. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं गेली ती कायद्यानें गेली. तीसाठीं कोणी मतपेटीपाशीं रांग लावली नव्हती. कॅलिफोर्नियांत मात्र संस्थानच्या विक्रीकरावर परगण्यानें आपला अर्धा सेंट चढवावयाचा तर मतदाराच्या दारीं जावेंच लागतें, आणि दोन तृतीयांशांची अट तेथें कोठून आली याचीहि एक कथा आहे.

१९७० नंतरच्या दशकांत त्या संस्थानांत घरांच्या किंमती भराभर चढल्या व त्यांबरोबर घरपट्टीहि. ज्यांनीं घराचें कर्ज कधींच फेडलें होतें अशा वृद्ध दांपत्यांना आपल्याच घरांत राहणें परवडेनासें झालें. हॉवर्ड जार्विस या तापट वृत्तीच्या गृहस्थानें हा संताप संघटित केला आणि ६ जून १९७८ रोजीं ‘प्रस्ताव १३’ लोकमतानें संमत झाला. घरपट्टीस शेंकडा एकची मर्यादा पडली. त्याच प्रस्तावाच्या एका कलमांत असें घातलें गेलें कीं, शहरांनीं, परगण्यांनीं वा विशेष मंडळांनीं एखाद्या विशेष कामासाठीं कर बसवावयाचा झाल्यास दोन तृतीयांश मतदारांची संमति हवी. गंमत अशी कीं, ही अट इतरांस घालणाऱ्या प्रस्तावाला स्वतःला शेंकडा ६५ हि मतें मिळालीं नव्हतीं. आपल्याच उंबरठ्यावर तो अडखळून पडला असता!

घरपट्टीचा झरा आटला तेव्हां परगणे विक्रीकराकडे वळले. १९८० सालीं लॉस एंजेलिसनें वाहतुकीसाठीं अर्धा सेंट मागितला. परगण्याच्या कारभारी मंडळाचे सभासद केनेथ हान यांनीं त्यास एक गोड जोड दिली होती: तीन वर्षें बसचें भाडें ५० सेंट. मतदारास हातांत घेऊन पाहतां येईल असें हें फळ होतें. ठरावास शेंकडा ५४ मतें पडलीं. ती दोन तृतीयांशांच्या जवळपासहि नव्हतीं. परंतु १९८२ सालीं संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ज्या मंडळास घरपट्टी बसवण्याचा अधिकारच नाहीं त्यास ही अट लागू नाहीं. या फटींतून १९९० सालीं दुसरा अर्धा सेंट निसटून आला, तोहि शेंकडा ५०.४ मतांवर. पुढें सान्ता क्लारा परगण्याच्या खटल्यांत १९९५ सालीं न्यायालयानें दुसऱ्या एका कायद्याच्या आधारें तशाच मंडळाचा कर दोन तृतीयांश मतांवांचून अवैध ठरवला. तेथें होकाराचीं मतें शेंकडा ५४ पडलीं होतीं. जितक्या मतांनीं लॉस एंजेलिसचा कर तरला, तितक्याच मतांनीं सान्ता क्लाराचा बुडाला. फट बुजली.

यानंतर लोकमत अजमावणाऱ्यांना महत्त्व आलें. त्यांची पद्धति साधारण अशी असते. मतपत्रिकेवर ठरावाचा गोषवारा ७५ शब्दांत बसवावा लागतो. तोच मजकूर निवडक मतदारांस दूरध्वनीवरून वाचून दाखवतात व मत विचारतात. मग ठरावाच्या बाजूचीं कारणें सांगतात, विरुद्ध बाजूचीं सांगतात, आणि पुन्हां विचारतात. परगण्याच्या तिजोरींतून असा तपास करतां येतो. प्रचार मात्र करतां येत नाहीं, हें न्यायालयानें १९७६ सालींच बजावलें आहे. पण कोणता शब्द मतदारास रुचतो व कोणता खुपतो हें या तपासांतच कळतें, आणि ठरावाचा अंतिम मसुदा त्याच शब्दांनीं लिहिला जातो. हा तपास म्हणजे चौकशी तर खरीच, पण थोडी तालीमहि.

लोकमताच्या अंदाजांचा जुना प्रसिद्ध फजितवाडा १९३६ सालचा. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें वीस लाखांहून अधिक उत्तरें गोळा करून लँडन अध्यक्ष होणार असें भाकित केलें आणि ४८ पैकीं ४६ संस्थानें रूझवेल्टनें जिंकलीं. तेथें चूक होती ती कोणाला विचारावें यांत. कॅलिफोर्नियांतील अडचण निराळी आहे. माणसें अगदीं योग्य रीतीनें निवडलीं, एक हजार जणांस विचारलें, तरी अशा तपासांत शेंकडा तीनचा फरक इकडे वा तिकडे राहतोच. शेंकडा ६६ होकार असें उत्तर आलें तर खरा आंकडा ६३ ते ६९ मध्यें कोठेंहि असूं शकेल. निम्म्या मतांची अट असती तर एवढ्या उत्तरावर कारभाऱ्यांना निश्चिंत झोप लागली असती. दोन तृतीयांशांच्या अटीखालीं तेंच उत्तर निरुपयोगी ठरतें, कारण पडणें व तरणें हीं दोन्हीं त्याच फरकांत मावतात. भुसाराच्या काट्यावर सोनें तोलण्यासारखें हें आहे. काटा खोटा नसतो, पण तो गुंजा दाखवीत नाहीं.

त्यांतून काळ बदलतो. २००८ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत पेट्रोल गॅलनला चार डॉलरांवर गेलें होतें आणि मोटारीवांचून पाऊल न टाकणारा लॉस एंजेलिसचा रहिवासीहि आगगाडीचें नांव काढूं लागला होता. सप्टेंबरांत पेढ्या कोसळल्या. तरी नोव्हेंबरांत तिसरा अर्धा सेंट शेंकडा ६७ हून थोड्या अधिक मतांनीं कसाबसा पार पडला. मुदत ३० वर्षें, १ जुलै २००९ पासून.

महापौर विलारायगोसा यांस मात्र ३० वर्षांचीं कामें १० वर्षांत उरकावयाचीं होतीं. त्यास कर्ज हवें, कर्जास तारण हवें, आणि तारण म्हणजे पुढील काळांतील कराचें उत्पन्न. म्हणून २०१२ सालीं आणखी ३० वर्षांची, २०६९ पर्यंतची, मुदतवाढ मागण्यांत आली. हिशेबाच्या दृष्टीनें कल्पना चोख होती. मतदाराच्या बाजूनें पाहिल्यास तिच्यांत एक विचित्रपणा होता. जो कर अजून सुमारें २७ वर्षें संपणारच नव्हता तो लांबवण्यास आज संमति द्यावयाची होती. त्या वर्षीं कोणाच्या खिशास चाट बसणार नव्हती. ती बसणार होती शाळेंत जाणाऱ्या वा अद्याप जन्मास न आलेल्या मुलांना. १९८० सालीं ५० सेंटांचें तिकीट होतें. येथें २०६९ हा आंकडा होता.

विरोधहि एका घरचा नव्हता. बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत वस्तीस आपल्या विद्यालयाखालून भुयारी मार्ग नको होता. आणि दुसऱ्या टोकास बसनें प्रवास करणाऱ्या गरिबांची संघटना उभी होती. बसगाड्यांच्या दुरवस्थेबद्दल याच वाहतूक मंडळावर फिर्याद करून तिनें १९९६ सालीं न्यायालयामार्फत करारनामा मिळवला होता. तिचें म्हणणें टाळतां येण्याजोगें नव्हतें: विक्रीकर मोलकरणीच्या साबणावरहि तितकाच बसतो, आणि त्यांतून निघणारा लोहमार्ग तिच्या दारावरून जातोच असें नाहीं. निवडणुकीच्या रात्रीं होकाराचा आंकडा बराच खालीं होता. टपालानें आलेल्या व तात्पुरत्या मतपत्रिका आठवड्यामागून आठवडे मोजल्या जात असतां तो इंचाइंचानें वर सरकला आणि ६६.११ वर थांबला.

या पराभवांतून दोन्हीं परगण्यांनीं जे धडे घेतले ते परस्परविरुद्ध आहेत. आलामेडानें २०१२ सालीं आपला अर्धा सेंट एक सेंट करून तो कायमचा ठेवण्याची परवानगी मागितली होती. लोकांस ‘कायमचा’ हा शब्द खुपला असें मानून २०१४ सालीं त्या परगण्यानें २०४५ ची मुदत घातली आणि शेंकडा ७० हून अधिक मतें मिळवलीं. लॉस एंजेलिसनें नेमकें उलट केलें. त्यानें २०१६ सालीं मुदतच काढून टाकली, नवा अर्धा सेंट मागितला, आणि २०३९ सालीं जुना संपेल तेव्हां नवा आपोआप एक सेंट होईल अशी तरतूद आंत गुंफली. जी मुदतवाढ उघडपणें मागून मिळाली नव्हती ती नव्या कराच्या पोटांत बसून आली, आणि ठरावास शेंकडा ७१ मतें पडलीं. कोणत्या परगण्याची समजूत खरी? बहुधा दोन्हीं अपुऱ्या. त्या दोन वेळांमध्यें वाहनांची कोंडी वाढली होती आणि कामांची यादी अधिक गांवांत वांटली गेली होती. मतदारानें मुदतीकडे पाहिलें कीं आपल्या गांवाचें नांव शोधलें, हें मतपत्रिकेवरील खुणेवरून वाचतां येत नाहीं.

दोन तृतीयांशांच्या भिंतीस पुढें आणखी एक दार सांपडलें. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ सालच्या एका निकालानंतर, आणि त्यावर आधारलेल्या अपील न्यायालयांच्या निर्णयांनंतर, नागरिकांनीं सह्या गोळा करून आणलेल्या करठरावास साधें बहुमत पुरूं लागलें. लॉस एंजेलिसनें बेघरांच्या मदतीसाठीं मार्च २०१७ मध्यें पाव सेंटाचा कर दहा वर्षांपुरता घेतला होता, त्यास शेंकडा ६९ मतें पडलीं होतीं. तो संपण्यापूर्वींच, नोव्हेंबर २०२४ मध्यें, त्याच्या जागीं अर्ध्या सेंटाचा, मुदत नसलेला कर नागरिकांच्या सह्यांनीं मतदारांपुढें आला. त्यास सुमारें ५८ टक्के मतें पडलीं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तो वसूल होऊं लागला.