खडबडीत काचेची गोष्ट

परवा कपाट आवरताना इंजिनियरिंगचा जुना सोलर कॅल्क्युलेटर सापडला. बटनसेल नसलेला. ट्यूबलाइटखाली धरला आणि लगेच शून्य उमटलं! चार वर्षं वापरला, पण वरची ती तपकिरी पट्टी म्हणजे काय, हे एकदाही विचारलं नाही, याची जरा लाजच वाटली. मग काय, वीकेंड त्यातच गेला.

पट्टीत सिलिकॉनचा पातळ थर असतो. त्याच्या पुढे असा थर लागतो, जो प्रकाश आत सोडेल आणि वीजही वाहून नेईल. काच वीज वाहत नाही, धातूच्या आरपार दिसत नाही. हे दोन्ही १९०७ साली जर्मनीत कार्ल बेडेकरने जमवलं. कॅडमियमचा पातळ थर तापवून त्याचं ऑक्साइड केलं. थर पारदर्शक झाला, तरी वीज वाहत राहिली. (गाइडबुकवाल्या बेडेकरांचा हा नातू. लोणच्यावाले वेगळे!) १९१४ साली तो युद्धात मारला गेला.

१९७६ साली अमेरिकेत आरसीएच्या प्रयोगशाळेत कार्लसन आणि व्रोन्स्की यांनी अमॉर्फस सिलिकॉनचा सेल बनवला. कार्यक्षमता २.४ टक्के. पुढच्याच वर्षी स्टेब्लर आणि व्रोन्स्की यांना दिसलं की उजेडानेच हे सिलिकॉन बिघडतं. थर जाड केला तर नुकसान जास्त, पातळ केला तर प्रकाश आरपार निघून जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

उत्तर काय? पुढचा ऑक्साइडचा थर मुद्दाम खडबडीत करायचा. मग प्रकाश वाकडा होऊन आत शिरतो, तिरका फिरतो, आतच आपटत राहतो. १९८२ साली याब्लोनोविचने गणित मांडलं: सिलिकॉनमध्ये प्रकाशाची वाट तत्त्वतः सुमारे ५० पट लांबवता येते. जपानच्या असाही ग्लासने १९८०च्या दशकात तापल्या काचेवर टिन ऑक्साइडचे सूक्ष्म पिरॅमिड वाढवले. जर्मनीत युलिशला १९९०च्या दशकात गुळगुळीत झिंक ऑक्साइड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून खड्डे पाडले. पण खाचा फार टोकदार झाल्या तर वरच्या सिलिकॉनला भेगा पडतात. म्हणजे खडबडीतपणाही मापातच हवा.

छपरांवरची शर्यत शेवटी स्फटिकी सिलिकॉनने जिंकली. पण ही काच वाया गेली नाही; पेरोव्स्काइटचे कितीतरी सेल आज टिन ऑक्साइडच्या काचेवरच बनतात.

असो. तुमच्या ड्रॉवरमध्येही असा एखादा कॅल्क्युलेटर पडला असेल. बघा, उजेडात धरून.