आभासी संगणक व त्याच्या आज्ञावलीची निवड

आभासी संगणक : प्रत्यक्ष संगणकाचा प्रक्रियक, स्मृती व साठवण यांची वाटणी करून आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण केलेला स्वतंत्र संगणक. त्यावर विंडोज, लिनक्स यांसारखी दुसरी परिचालन प्रणाली चालविता येते. मूळ संगणकास यजमान आणि आत चालणाऱ्या प्रणालीस पाहुणी प्रणाली म्हणतात. या दोहोंमधील नियंत्रक आज्ञावलीची निवड वरवर तांत्रिक वाटते. परंतु जुने काम पुढे किती काळ वापरता येईल, हे पुष्कळ अंशी तिच्यावर अवलंबून असते.

इतिहास : या कल्पनेचा उगम संगणक अतिशय महाग होते त्या काळातील आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीचे काम सुरू झाले. एकच मोठा संगणक अनेकांना जणू प्रत्येकाचा स्वतंत्र असल्याप्रमाणे वापरता यावा, हा तिचा उद्देश होता. तिच्याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी तीन कसोट्या मांडल्या : पाहुण्या प्रणालीचे वर्तन मूळ यंत्रावरच्यासारखेच असावे, बहुतेक आज्ञा प्रक्रियकाने थेट पार पाडाव्यात आणि साधनांवर नियंत्रकाचा पूर्ण ताबा असावा.

वैयक्तिक संगणकांतील इंटेल घराण्याचे प्रक्रियक या कसोट्यांस उतरत नसत. त्यांच्या काही आज्ञा नियंत्रकास न कळताच निराळे परिणाम घडवीत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालू कामातच बदलून घेण्याची युक्ती योजली व १९९९ मध्ये आपली आज्ञावली बाजारात आणली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या झेन (२००३) या आज्ञावलीने पाहुण्या प्रणालीतच फेरफार करण्याचा मार्ग पत्करला. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी आवश्यक ती सोय प्रक्रियकातच केली. पुढे लिनक्सच्या गाभ्यातील केव्हीएम (२००७), व्हर्च्युअलबॉक्स (२००७) व मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही (२००८) यांमुळे निवडीस वाव मिळाला.

नवी मुंबई : सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. ठाणे-बेलापूर मार्गावरील रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात पुढे ऐरोली, रबाळे, महापे या ठिकाणी डेटा सेंटरे उभी राहिली. २०२० मध्ये पनवेलजवळ योट्टा कंपनीचे मोठे केंद्र सुरू झाले. मुंबईतील वित्तसंस्थांचे सान्निध्य आणि मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालील तारा ही त्याची प्रमुख कारणे होत. एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविल्याने जागा व वीज यांची बचत होते.

लहान कार्यालये व मुद्रणालये यांची निकड वेगळी असते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या उत्पादकांच्या स्वतंत्र संकेतांत साठविला जाई. मूळ टंकाशिवाय तो अगम्य चिन्हांसारखा दिसतो. त्या काळातील सोळा-बिटी आज्ञावली चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत. जुने विंडोज पाहुणे म्हणून बसविल्यास चालू शकतात. काही आज्ञावलींना डोंगल हे कुलूपवजा उपकरण लागते. ते पाहुण्या प्रणालीपर्यंत पोहोचविता येते की नाही, हे अशा वेळी प्रथम पाहावे लागते.

निवडीचे निकष : यजमानाचा प्रक्रियक पाहुण्या प्रणालीच्या जातीचा असावा. ॲपलने २०२० पासून योजलेल्या प्रक्रियकांवर इंटेलसाठीची प्रणाली केवळ अनुकरणाने, म्हणून मंद गतीने चालते. परवान्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली व पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविली. उलट तिची वर्कस्टेशन प्रो ही आज्ञावली नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांस विनामूल्य झाली. केव्हीएमसारख्या मुक्त आज्ञावलीस असा एकच धनी नसतो. मात्र तिची देखभाल जाणणारी माणसे लागतात. म्हणून आभासी संगणकाची साठवण दुसऱ्या नियंत्रकास वाचता येईल अशा स्वरूपात नेता येते की नाही, याची खात्री निवडीपूर्वीच करून घेणे हिताचे ठरते. यजमान बदलला, तरी पाहुण्याकडील मराठी दप्तर वाचता आले पाहिजे.