सारा कोणाचा, शाळा कोणाची?

२०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जाहीर केला, तेव्हा खर्चाचा हिशेब पुढे करण्यात आला. हा हिशेब जुना आहे. खेड्यातली शाळा कोणाच्या पैशावर चालते, ह्यावरूनच तिच्यात कोण बसणार हे ठरत आलेले आहे.

मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या शाळा सरकारच्या औदार्यातून उभ्या राहिल्या, हा गैरसमज आहे. १८६९ च्या कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी पक्की झाली आणि तिचा एक तृतीयांश शिक्षणासाठी राखला गेला. म्हणजे शंभर रुपये सारा भरणाऱ्या गावाने दोन रुपयांहून थोडे अधिक शिक्षणासाठी दिले. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ह्याच पैशाचा जाब विचारला. पट्टी ज्या कामासाठी घेतली जाते त्या कामी ती खर्च होत नाही. दहांतील जवळजवळ नऊ खेड्यांत, सुमारे दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची सोयच नाही, असे त्यांनी नोंदविले. फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाला द्यावा, आणि शिक्षक असा असावा की ज्याला प्रसंगी नांगर किंवा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, ही त्यांची मागणी होती.

पण पट्टी भरणारा कुणबी तरी खातेदार होता. ज्याच्या नावावर सातबाराच काय, धड घरही नव्हते त्याचे काय?

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूला आहे हे सरकारला मान्य होते, तरी प्रवेश मिळाला नाही. पुढे १८५८ मध्ये सरकारने जाहीर केले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. परंतु जिथे स्थानिक लोक खर्चाचा वाटा उचलतात आणि हरकत घेतात तिथे अस्पृश्य मुले घालण्याचा सरकारचा विचार नाही. जातीला पैशाची ढाल मिळाली ती अशी! आणि गंमत पाहा, शेतकऱ्यांना साऱ्यासाठी चावडीवर बोलावून आणणारा महार, गोळा झालेला सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचविणाराही महारच. त्या गाठोड्यात शाळेचा पैसाही होता.

जोतीरावांनी ह्याच साक्षीत सांगितले की, महार-मांगांची मुले सर्व शाळांतून व्यवहारात वगळलेली आहेत. त्यांच्या स्वतंत्र शाळा फक्त मोठ्या शहरांत आहेत. पाच हजारांवर वस्ती असलेल्या पुण्यातल्या ह्या लोकांसाठी एकच शाळा, तिचा पट तीसच्या आत. आयोगाने समतेचे तत्त्व मान्य केले, पण ते जपून लागू करण्याची शिफारस केली. हे जपणे पुढे कित्येक पिढ्या चालले.

ह्या कोंडीतून मार्ग निघाला तो १९१९ च्या सुमारास. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ च्या सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीला जेवली. खेड्यांतून रोख वर्गणी फारशी येत नसे, धान्य येई. ज्याच्या घरी धान्यही नव्हते तो मुलगा अंगमेहनत करून शिकला. इथे श्रमही वर्गणीतच मोजले गेले, त्यामुळे पैसा आमचा म्हणून शाळा आमची, असे कोणाला म्हणता आले नाही.